घणवाल्यांचा हिवाळा

के. आर. पुरमच्या बाजारात अवरेकाईच्या शेंगांचे ढीग दिसायला लागले की आमच्याकडे हिवाळा आला असं समजायचं. बंगळूरची थंडी तशी भिडस्त. सकाळी दारात येऊन उभी राहते आणि ऊन चढलं की न बोलता निघून जाते. शेंगांचा वास मात्र ठाण मांडून बसतो. दिसायला आपल्या पावट्याच्याच बहिणी, पण सांगलीकडच्या पावट्याला हा वास नाही. हिरवा, तेलकट, थोडा रानटी. शेंगा सोलल्या की तो बोटांना चिकटतो आणि साबणाला दाद देत नाही. देवनहळ्ळीकडच्या शेतांत आता दगडी खांब रोवून प्लॉटांचे लेआउट पडलेत, तरी मधल्या उरलेल्या तुकड्यांतून पोती भरभरून शेंगा येतातच. रस्त्याच्या कडेला टरफलं साचतात, त्यात तोंड खुपसून गाई उभ्या असतात, आणि बसमधून उतरणारी आयटीतली मुलंसुद्धा कानातले इअरफोन न काढता किलोभर शेंगा तोलून घेतात.

परवा मीही घेतल्या. विकणाऱ्या बाईंनी ‘स्वल्प जास्ती’ म्हणत वर एक मूठ टाकली. पिशवी खांद्याला लावून घराकडे निघाले आणि वासाबरोबर तो एक हिवाळा परत आला. कुणाला एखादा हिवाळा घरातल्या लग्नामुळे आठवतो, कुणाला सहलीमुळे. मला तो एका राक्षसामुळे आठवतो.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि माझी नोकरी गेली. मारतहळ्ळीच्या एका टेक पार्कात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. दुसऱ्यांनी बनवलेलं कुठे मोडतं ते शोधायचं, हेच काम. एका सकाळी पडद्यावर एक अनोळखी गृहस्थ आले, फार गोड इंग्रजीत माझे आभार मानले, आणि त्यांचं वाक्य मला पुरतं कळायच्या आत लॅपटॉप बंद पडला. आदल्या दिवशी चाहूल नाही, कुणाचा चेहरा उतरलेला नाही. कॉफीच्या मशीनपाशी माणसं रोजच्यासारखीच हसून बोलली होती.

मैत्रिणींबरोबरचं घर सोडलं आणि सामान घेऊन नलूआत्याकडे आले. बाबांना सगळं सांगितलं होतं. फोनवर ते म्हणाले, “ठीक आहे. संक्रांत झाली की मी येतो. दोघींनाही घेऊन जातो सांगलीला. तू तिथंच शोध नोकरी, आणि नलूनंही आता एकटीनं राहणं पुरे.”

बाबांच्या आवाजात ओरडा नव्हता. माया होती. त्यामुळे नाही म्हणणं जास्त अवघड होतं.

नलूआत्या बाबांची धाकटी बहीण. इंजिनियर होऊन विशीतच ती बंगळूरला आली, सरकारी कारखान्यात, विमानांच्या इंजिनांच्या चाचणी विभागात. तिथं ती एकटीच बाई होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाली तेव्हा के. आर. पुरमला दोन खोल्या, एक हॉल आणि पुढे जास्वंद एवढं तिचं स्वतःचं घर होतं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. मी तिच्याकडे राहायला आले त्याच्या आधी दोनेक वर्षं तिला कंपवात झाल्याचं निदान झालं होतं. उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हलायचा, जणू अंगठा आणि बोट मिळून एखादी अदृश्य गोळी वळतायत.

“रिकामा असला की नाचतो,” ती म्हणायची. “कामाला लावला की ऐकतो. पण उशिरा ऐकतो. सरकारी हात झालाय.”

सकाळभर मी अर्ज पाठवायची. दुपारी जेवणं झाली की काही सुचायचं नाही. मग सोबत आणलेला गेमचा डबा आत्याच्या टीव्हीला जोडला. गेम अवघड म्हणून नावाजलेला होता. एक ओसाड, पडझड झालेलं शहर. त्यात एकटा योद्धा. कुठे जायचं, काय करायचं, कुणी सांगत नाही. आणि प्रत्येक रस्त्याच्या शेवटी कुणीतरी प्रचंड मोठं उभं, त्याला हरवल्याशिवाय पुढची वाट नाही. असल्या गेमना सगळी ओढ या शेवटच्या भेटींचीच असते. वाटेतलं शहर म्हणजे नुसता त्या दारापर्यंतचा जिना.

मी अडकले होते ते एका राक्षसी लोहारापाशी. गुडघाभर पाण्यानं भरलेला दगडी महाल, मधोमध तो, हातात माणसाएवढा घण. मी आत जायची, काही क्षण नाचायची, घण पडायचा, पडदा काळा व्हायचा. मग पुन्हा महालाबाहेरच्या दिव्यापाशी जिवंत.

आत्या खुर्चीत बसून शेंगा सोलायची. हाताला काम हवं म्हणून सोलायची आणि शेजारच्या शांताक्का सोबतीला यायच्या. शांताक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बंगळूरला येऊन जन्म गेला, तरी मराठी निपाणीचंच राहिलं, मधेमधे कन्नड पेरलेलं.

“ही पोरगी सारखी मरतीया का वो अक्का?” त्यांनी पहिल्याच दुपारी विचारलं.

“मलाही तेच दिसतंय,” आत्या म्हणाली.

“ह्यो कोण मुडदा?”

“तो बॉस आहे,” मी म्हणाले.

“बॉस म्हंजे सायेब?”

“नाही हो. शेवटचा मोठा शत्रू.”

“मग सायेबच की.”

आत्या इतकी हसली की ताटातल्या शेंगा सांडल्या. त्या दिवसांत घरात हसू कमीच होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

ती मला विचारायची, इतकी हरतेस तर खेळतेस कशाला? मला नीट उत्तर देता यायचं नाही. गोष्टी सांगणारे, कोडी घालणारे, शर्यतींचे, सगळ्या तऱ्हांचे गेम मी खेळले आहेत. बहुतेक गेम तुम्हाला हळूहळू मोठं करतात. तलवार मोठी होते, चिलखत जाड होतं, आणि सुरुवातीचे शत्रू मग किडामुंगीसारखे वाटतात. या अवघड गेमांतही ते थोडंफार असतं, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पडद्यावरचा योद्धा काल होता तेवढाच आज. बदलायचं ते पडद्याबाहेर बसलेल्या माणसानं. काल न दिसलेलं आज दिसायला लागतं, एवढाच त्यातला पराक्रम. मरण तिथं फुकट नसतं, जमवलेलं काहीतरी तिथंच सांडतं आणि ते उचलायला पुन्हा त्याच जागी जावं लागतं. पण मरण शेवटचंही नसतं. नोकरी गेलेल्या माणसाला हे ‘शेवटचं नसणं’ किती हवंसं वाटतं, ते तेव्हा मी आत्याला सांगू शकले नाही.

एका दुपारी सोलता सोलता ती थांबली.

“मनू, हे घणवाले सांगून मारतात.”

ती राक्षसालाही अहोजाहो करायची. कारखान्यात सगळ्यांना करायची, अगदी शिकाऊ मुलांनासुद्धा. ती सवय सुटली नव्हती.

“म्हणजे?”

“घण उचलायच्या आधी डावा खांदा पडतो. बघ. आडवा मारायचा असला की पाय आधी फिरतो, पाण्यावर वलय येतं. प्रत्येक वेळी. यांच्या अंगात लबाडी नाही.”

मी पाहिलं. खरंच होतं. मी आजवर घणाकडे बघत होते आणि ती माणसाकडे बघत होती. त्या दुपारी मी नेहमीपेक्षा बरीच जास्त टिकले. मग त्यानं घण उचलला, वर नेला, आणि वरच धरला. मी घाबरून बाजूला उडी मारली. उडी संपून पाय टेकतायत तोच घण खाली आला.

“ही तर लबाडीच झाली,” मी वैतागून म्हणाले.

“छे. खांदा पडला होता आणि घण अजून वरच होता. तुला दिसत होतं. तू वाट बघितली नाहीस.”

खरं होतं. असे गेम बनवणारी माणसं आपली घाई ओळखून असतात. भीतीनं आधीच हललेला माणूस आणि हावेनं एक घाव जास्त घालणारा माणूस, हे दोघंच तिथं सर्वांत जास्त मरतात. चांगला बॉस आणि वाईट बॉस यांतला फरक मला तेव्हा कळला. वाईट बॉस नुसता जोरात मारतो. चांगला बॉस जोरातच मारतो, पण प्रत्येक घावाआधी खूण देतो, आणि आपण मेलो तर का मेलो हे आपल्याला मनातून कबूल असतं. तो प्रामाणिक नसेल तर अवघडपणाला काही अर्थच उरत नाही, नुसता छळ उरतो.

संक्रांतीला अजून अवकाश होता तेव्हा आत्या म्हणाली, “आण इकडे ते. मला बघू दे.”

मी कन्ट्रोलर तिच्या हातात दिला. तिला सगळं समजत होतं, खांदा दिसत होता, पाण्यावरचं वलय दिसत होतं, पण अंगठा तिचं ऐकेपर्यंत घण पडून गेलेला असायचा. पहिल्याच घावाला मेली. पुन्हा गेली, पुन्हा मेली. शेवटी कन्ट्रोलर गादीवर आपटला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शांताक्का हळूच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं बाई ते. उगं तरास तिला.”

मला राहू द्यावं असं वाटेना. गेममध्ये ‘सोपं करा’ असं बटण नव्हतं. बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवलेलं नसतं, आणि त्यावर खेळणारे लोक तावातावानं भांडत असतात. काहींच्या मते सोपं केलं तर मजाच गेली. पण बटणं बदलायची सोय होती. आत्या बाहेर आली तेव्हा मी चुकवायचं बटण उजव्या अंगठ्याखालून काढून डाव्या हाताच्या बोटाखाली नेलं होतं. डावा हात अजून बराचसा तिचा होता. तलवारीच्या जोडीला मी योद्ध्याला जड ढाल दिली. पटापट पडणारे घाव ढालीवर घ्यायचे, चुकवायचा तो एकच, सगळ्यांत मोठा.

“ही फसवणूक नाही ना?” तिनं विचारलं.

“घण तेवढाच जड आहे आत्या. बटण फक्त तुझ्या जवळ आणलंय.”

तिनं क्षणभर विचार केला. “सरी,” ती कन्नडमध्ये ‘बरं’ म्हणाली आणि बसली.

मग एक गंमत झाली. घणवाल्यांचा तो वर धरून ठेवलेला घाव, ज्यानं मला रोज मारलं, तो आत्याला लागेचना. तिचं डावं बोटही जरा उशिराच हलायचं, आणि तो घावही उशिराच यायचा. दोघांची वेळ जुळायची. घण तिच्या शेजारी पाण्यात धाडकन पडायचा आणि ती सुखरूप उभी असायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही तिघीही ओरडलो. शांताक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अय्यो, चुकीवलं की वो!”

दुपारची गोळी घेतली की काही वेळानं हात जरा सैल पडायचा. तेवढ्या वेळात ती खेळायची. गोळीचा असर ओसरायला लागला की स्वतःच कन्ट्रोलर खाली ठेवायची. डिसेंबर असा गेला. बाहेर ऊन कोवळं, हॉलमध्ये शेंगांचा वास, कुकरची शिट्टी, आणि पडद्यावर पाण्यातला तो महाल. माझे अर्जही चालू होते. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आणि दोन्ही ठिकाणी नकार आला. एकीत तर समोरचा प्रश्न संपायच्या आत मी उत्तर द्यायला लागले होते. घरी येऊन ते सांगितलं तेव्हा आत्यानं नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. मला हसू आलं आणि रडूही.

एका दुपारी ती अगदी जवळ पोहोचली. घणवाल्यांचा जीव पडद्याच्या तळाशी एका लाल रेघेनं दाखवतात. ती रेघ नखाएवढी उरली होती. आणि नेमका तेव्हा गोळीचा जोर उतरायला लागला. डावा हातही अडखळू लागला. ढाल उचलायच्या जागी तलवार फिरली.

“द्या की पोरीच्या हातात!” शांताक्का उठून उभ्या राहिल्या. “एकच घाव ऱ्हायलाय! मने, घे की गं!”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पण कन्ट्रोलर जरा माझ्या बाजूला सरकल्यासारखा वाटला. मला तो घाव सहज जमला असता. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

घण पडला. पडदा काळा झाला.

मग आत्या म्हणाली, “बरं केलंस, घेतला नाहीस.” आणि थोड्या वेळानं, “दिला असता मी.”

या सगळ्यातून आजार बरा होत होता असं कुणाला वाटायला नको. तो आपल्या वाटेनं चाललाच होता. नाताळच्या सुमारास एका सकाळी स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर आत्या उंबऱ्यापाशी उभी, पाय जमिनीला खिळल्यासारखे. पुढे पाऊल उचलायचंय, पण पाऊल उचलत नाही. दूध सगळीकडे पसरलेलं. मी तिचा हात धरला. जरा वेळानं पाय आपोआप सुटले.

खुर्चीत बसवल्यावर ती पावलांकडे बघत राहिली.

“घणवाले तरी खूण देतात गं,” ती म्हणाली. “हा आजार नाही देत.”

मला माझी ती सकाळ आठवली, गोड इंग्रजी आणि बंद पडलेला लॅपटॉप. मी आत्यापाशी खाली बसले. आम्ही दोघी त्या प्रामाणिक राक्षसापाशी रोज का जात होतो, ते मला तेव्हा उमगलं. जिथं खांदा पडल्याशिवाय घाव येत नाही, अशी जागा घरात ती एकच होती. आयुष्य त्या महालासारखं आहे असं म्हणणाऱ्यांनी एकतर गेम खेळलेला नसतो किंवा आयुष्यात त्यांचा पाय उंबऱ्यावर अडकलेला नसतो.

जानेवारीत मला मारतहळ्ळीला तिसऱ्या मुलाखतीला बोलावलं. छोटी कंपनी होती. मी सकाळी गेले. समोरच्या बाईंनी प्रश्न विचारला, मी थांबले. त्यांनी वाक्य संपवल्यासारखं करून पुन्हा पुढे चालू ठेवलं, आणि खरा प्रश्न शेवटी आला. मी तेव्हा बोलले. बाहेर पडताना काय होईल ते माहीत नव्हतं, पण या वेळी निदान उत्तर विचारलेल्या प्रश्नालाच दिलं होतं. आउटर रिंग रोडवर नेहमीसारखा खोळंबा. घरी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या तिच्या खुर्चीत, कन्ट्रोलर मांडीवर, उजवा हात नेहमीसारखा हलत असलेला. पडद्यावर तो महाल. पाणी अगदी संथ. मधोमध कुणी नाही.

“आत्या?”

“गेले,” ती म्हणाली.

मी पडद्याजवळ गेले. खरंच कुणी नव्हतं. पलीकडचं मोठं दार उघडलेलं होतं आणि त्यातून पांढरा उजेड पाण्यावर येत होता.

“शांताक्कांनी पाहिलं?”

“त्या झोपल्यात घरी. कुणीच नाही पाहिलं.” ती जरा थांबली. “शेवटी गुडघ्यावर बसले गं. घण बाजूला ठेवला. मला वाटलं, पुन्हा उठतील. मी ढाल धरून उभी राहिले. उठलेच नाहीत.”

मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा एक पोकळी होती. कारखान्यातलं शेवटचं इंजिन बंद करून ती घरी आली असेल तेव्हा अशीच दिसली असेल का, असं वाटून गेलं. जिंकण्याचा क्षण अशा गेममध्ये फार छोटा असतो. खूप दिवस ज्याच्या खांद्याकडे, पावलांकडे, श्वासाकडे आपण इतक्या बारकाईनं पाहिलं, तो नाहीसा होतो, आणि आपल्याला कळतं की हल्ली इतकं लक्ष देऊन आपण दुसऱ्या कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

“चहा टाकू?” मी विचारलं.

“टाक. आलं घाल.”

संक्रांत झाली आणि बाबा आले. सकाळी बसमधून उतरून थेट घरी. पिशवीत आईनं दिलेले तिळाचे लाडू, आणि डोक्यात सगळं ठरवून आलेले. दोन दिवस ते फक्त पाहत होते. आत्याच्या पेल्यातून बशीत हिंदकळणारा चहा, ब्लाउजची बटणं लावताना लागणारा वेळ, उंबऱ्यापाशी थबकणारं पाऊल. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, “नलू, चल आता. वहिनी आहे, मी आहे. इथं रात्री-अपरात्री काय झालं तर?”

“दादा, मी बरी होणार नाही, हे मला माहीत आहे.”

“म्हणूनच म्हणतोय ना.”

“तिकडे आले तरी होणार नाही.”

“पण सांभाळू तरी शकू तुला.”

आत्याचा आवाज तेव्हाच थोडा बारीक झाला होता, त्यामुळे ती बोलायला लागली की सगळे आपोआप पुढे झुकायचे. “तू मला हरू देणार नाहीस, हे मला माहीत आहे. लहानपणीही नाही द्यायचास. कॅरममध्ये मुद्दाम सोडून द्यायचास मला सोंगट्या. पण मला आता हरायला हरकत नाही रे. माझ्या घरात हरायचंय.”

बाबांचे डोळे भरून आले. ते उठले आणि पुढे जास्वंदीपाशी जाऊन उभे राहिले. मी पाठोपाठ गेले नाही. काही वेळानं तेच आत आले आणि अगदी कोरड्या, कामाच्या आवाजात म्हणाले, “बाथरूममध्ये धरायला काय आहे?”

“काही नाही,” आत्या म्हणाली.

“मग ते आधी.”

पुढचे दिवस घरात ड्रिलचा आवाज होता. बाबांनी स्वतः भिंतीला दांडे बसवले. एक वाकडा बसला, तो काढून पुन्हा बसवला. पलंगाचे पाय कापून उंची कमी केली. दोन्ही बाजूंना कान असलेले पेले आणले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पिवळी पट्टी चिकटवली, कारण पट्टी दिसली की तिचं पाऊल ती ओलांडायला उठतं, असं आमच्या लक्षात आलं होतं. एक चावी शांताक्कांकडे गेली. आणि मी इथंच राहायचं ठरलं. मुलाखतीचं होकाराचं उत्तर त्याच आठवड्यात आलं, पण ते आलं नसतं तरी मी राहिले असते.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा टीव्हीसमोर बसले. “दाखव तरी, काय खेळता तुम्ही.” आत्यानं त्यांना तो महाल दाखवला. मोकळं पाणी, उघडं दार.

“इथं काय आहे?” त्यांनी विचारलं.

“आता काही नाही,” ती म्हणाली, आणि त्यांना दोन्ही हातांनी लाडूचा डबा पुढे केला.

त्यानंतर कितीतरी हिवाळे गेले. शांताक्का मागच्या वर्षी मुलाकडे हुबळीला गेल्या, फोनवर अजून विचारतात, “सायेब मेला का दुसरा?” आत्याच्या हातात कन्ट्रोलर आता राहत नाही. सकाळी एक बाई मदतीला येतात. भिंतीवरच्या दांड्यांचा रंग तिच्या हातांनी उडालाय. घर तिचंच आहे.

मी घरून काम करते त्या दिवशी दुपारी आम्ही अजून खेळतो. हल्ली एक नवा गेम आहे, नवा राक्षस, पंख असलेला, भलता चपळ. कन्ट्रोलर माझ्या हातात असतो आणि आत्या शेजारी, उशांना टेकून. पाहणं तिचं, बोटं माझी. राक्षस झेपावायच्या आधीची खूण तीच आधी हेरते, माझ्यापेक्षा कितीतरी आधी. मग ती सांगते, “थांब… थांब… आता.” आणि तिच्या ‘आता’वर मी बटण दाबते.

आवाज अगदी पुटपुटण्याइतका उरलाय. आणि हल्ली तो ‘आता’ उशिरा येतो. डोळ्यांत आलेला असतो, ओठांवर पोहोचत नाही. राक्षस झेपावताना मला स्पष्ट दिसतो. बोट बटणावर असतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत थांबते.

राक्षस येतो, पडदा काळा होतो, आणि मग ती म्हणते, “आता.”

“हो आत्या,” मी म्हणते, आणि पुन्हा सुरू करते.